सावकार तोच, गिऱ्हाईकही तोच

अमेरिकेतील लहान शहरांत राहणाऱ्या आपल्या मंडळींना प्रवासाचा शेवटचा टप्पा छोट्या विमानाने गाठावा लागतो, हे काही नवे नाही. कोणी विद्यापीठाच्या गावी शिकत असतो, कोणी आडवळणाच्या शहरातील इस्पितळात डॉक्टर असतो. मुंबईहून येणारे आईवडील न्यूयॉर्क, डेट्रॉइट किंवा अटलांटा येथे मोठ्या विमानातून उतरतात आणि पन्नास ते पाऊणशे आसनांच्या विमानात बसून मुलाच्या गावी पोहोचतात. तिकिटावर डेल्टाचे नाव, विमानाच्या शेपटीवर डेल्टाचे चिन्ह, पेयाबरोबर मिळणाऱ्या कागदी रुमालावरही डेल्टाच! मात्र तिकिटाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिलेले असते की, हे उड्डाण अमुक कंपनीकडून चालविले जाते. ती ओळ वाचण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही.

आज आम्ही या बारीक अक्षरांतील कंपन्यांविषयी लिहिणार आहोत, आणि तेही त्यांच्या दिवाळ्याविषयी. विषय वरवर रुक्ष वाटेल. परंतु त्याच्या पोटात एक प्रश्न आहे, आणि धंदा करणाऱ्या किंवा कोणाच्या तरी धंद्यावर पोट असणाऱ्या प्रत्येकाने तो स्वतःला एकदा तरी विचारावा असा आहे. ज्याचे दिवाळे निघाले त्याला पुन्हा कर्ज देतो कोण? आणि तो ते का देतो?

भाड्याने जुंपलेली विमाने

प्रथम या धंद्याची रीत समजून घेऊ. डेल्टा, युनायटेड, अमेरिकन अशा मोठ्या कंपन्यांची विमानेही मोठी आणि वैमानिकांचे पगारही मोठे. दीड-दोनशे आसनांचे विमान दिवसातून चार वेळा एखाद्या लहान शहराला पाठविणे त्यांना परवडत नाही. म्हणून त्या प्रादेशिक कंपन्यांशी करार करतात. वेळापत्रक मोठी कंपनी ठरविते, भाडे तीच ठरविते, तिकिटे तीच विकते आणि इंधनाचा खर्चही बहुधा तीच सोसते. लहान कंपनीने वैमानिक, सेवक आणि देखभाल पुरवायची आणि ठरल्या वेळी विमान उडवायचे. त्याबद्दल तिला प्रत्येक उड्डाणामागे आणि प्रत्येक तासामागे ठरलेली रक्कम मिळते. विमान भरलेले असो की रिकामे, तिच्या पावतीवर फरक पडत नाही.

ऐकायला ही व्यवस्था सुखाची वाटते. तिकीट विकण्याची चिंता नाही, तेलाच्या भावाची चिंता नाही. पण नफ्याची वाटही तितकीच अरुंद. करार पाच-दहा वर्षांचा, त्यातील दर आधीच ठरलेले; आणि मधल्या काळात वैमानिकांचे पगार वाढले, विमाने जुनी होऊन दुरुस्तीचा खर्च वाढला, तर तो भार लहान कंपनीने उचलायचा. कित्येकदा विमानेसुद्धा तिची नसतात; मोठ्या कंपनीने ती भाडेपट्ट्याने घेऊन तिला पोटभाड्याने दिलेली असतात. म्हणजे गिऱ्हाईक तोच आणि घरमालकही तोच!

त्यात आणखी एक गाठ आहे. लहान कंपनीने किती मोठी विमाने उडवावीत हे मोठ्या कंपनीच्या वैमानिकांची संघटना आपल्या करारातून ठरविते. आपले काम स्वस्त वैमानिकांकडे जाऊ नये म्हणून घातलेले हे कुंपण. डेल्टाच्या बाबतीत ही मर्यादा ७६ आसनांची आहे. ज्या करारावर लहान कंपनीची सही नाही, त्या करारातील एका ओळीने तिचे भवितव्य बदलू शकते. ते कसे बदलले ते पुढे येईलच.

दिवाळे म्हणजे टाळे नव्हे

आपल्याकडे दिवाळे निघाले म्हटले की डोळ्यांपुढे दुकानाला लागलेले टाळे येते. अमेरिकेच्या १९७८ सालच्या दिवाळखोरी कायद्यातील अकरावे प्रकरण, ज्याला सर्वजण चॅप्टर अकरा म्हणतात, ते याहून निराळे आहे. या प्रकरणाखाली अर्ज दाखल होताच वसुलीच्या सर्व दाव्यांना आपोआप स्थगिती मिळते. जुने व्यवस्थापकच गादीवर राहतात आणि न्यायालयाच्या देखरेखीखाली धंदा चालू ठेवतात. ऋणको असूनही मालमत्तेचा ताबा त्याच्याच हाती, म्हणून त्याला कायद्याच्या भाषेत डेटर इन पझेशन म्हणतात. नको असलेले करार मोडण्याची, हवे ते राखण्याची आणि धनकोंशी नव्याने तडजोड करण्याची सवड त्याला मिळते.

पण धंदा चालू ठेवायचा तर रोकड हवी. पगार दर पंधरवड्याला द्यावा लागतो. सुटे भाग देणारा व्यापारी उधार बंद करतो, रोख मागतो. विमानांच्या बाबतीत कायदा आणखी कडक आहे. साठ दिवसांच्या आत थकबाकी चुकती करून पुढचे हप्ते भरण्याची हमी दिली नाही, तर विमानाचा धनको किंवा भाडेपट्टीदार विमान उचलून नेऊ शकतो. विमान गेले की कंपनीपाशी उरते काय? गणवेश आणि फलक!

मग अशा बुडत्याला पैसे द्यावेत कोणी? इथे कायद्याने एक युक्ती केलेली आहे. दिवाळ्याच्या काळात जो नवे कर्ज देईल त्याला न्यायालय इतर देणेकऱ्यांच्या आधी पैसे मिळण्याचा हक्क देऊ शकते. आणि दुसऱ्या कोणत्याही मार्गाने कर्ज मिळत नसेल, तर जुन्या तारणावर आधीच्या सावकाराच्याही वर त्याचे नाव चढवू शकते. यालाच डेटर इन पझेशन फायनान्सिंग, थोडक्यात डी.आय.पी. कर्ज म्हणतात. कल्पना जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील रेल्वे कंपन्या एकामागून एक बुडू लागल्या, तेव्हा गाड्या चालू राहाव्यात म्हणून न्यायालयाने नेमलेले रिसीव्हर अग्रहक्काची प्रमाणपत्रे काढून पैसा उभा करीत. तर्क असा की, धावणाऱ्या आगगाडीला किंमत असते, गंजलेल्या रुळांना नसते. जो गाडी धावती ठेवतो त्याच्यामुळे सर्वांचाच पैसा वाचतो, म्हणून त्याचे आधी फेडावे.

तर्क बिनचूक आहे. पण कर्ज देणारा जर तटस्थ बँकवाला नसून त्या कंपनीचे सर्वांत मोठे गिऱ्हाईकच असेल तर? पिनॅकल एअरलाइन्सच्या बाबतीत नेमके हेच घडले.

मेम्फिसची पिनॅकल

टेनेसी राज्यातील मेम्फिस हे एके काळी नॉर्थवेस्ट एअरलाइन्सचे मोठे केंद्र होते. तेथे १९८५ साली एक्सप्रेस एअरलाइन्स वन नावाची छोटी कंपनी सुरू झाली. १९९७ मध्ये नॉर्थवेस्टने ती विकत घेतली. २००२ मध्ये तिचे नाव पिनॅकल झाले आणि २००३ मध्ये तिचे शेअर बाजारात आले. पिनॅकल म्हणजे शिखर. नाव मोठे होते. पण काम जवळजवळ सगळे नॉर्थवेस्टचेच, आणि तेही पन्नास आसनांच्या कॅनेडियन बनावटीच्या जेट विमानांनी.

एकाच यजमानावर विसंबणे बरे नव्हे, हे पिनॅकलच्या चालकांनाही कळत होते. म्हणून २००७ मध्ये त्यांनी कोलगन एअर ही कंपनी घेतली. कोलगन कॉन्टिनेंटल आणि युएस एअरवेज यांच्यासाठी पंख्याची विमाने उडवीत असे. हेतू चांगला होता. पण १२ फेब्रुवारी २००९ च्या रात्री कोलगनचे विमान न्यूयॉर्क राज्यात बफेलोजवळ घरावर कोसळले आणि ५० माणसे मरण पावली. विमानातील ४९ आणि घरातील एक. तिकिटावर नाव होते कॉन्टिनेंटलचे. आपले माणूस कोणाच्या विमानात बसले होते हे कित्येक कुटुंबांना अपघातानंतर कळले. या कुटुंबांनी पाठपुरावा केल्यामुळे २०१० मध्ये कायदा झाला. तिकीट विकताना विमान प्रत्यक्षात कोण चालविणार हे प्रथमदर्शनीच सांगण्याचे बंधन आले, आणि सहवैमानिकालाही बहुतेक बाबतीत दीड हजार तासांच्या उड्डाणाचा अनुभव असावा असे ठरले. आम्ही आरंभी ज्या बारीक अक्षरांचा उल्लेख केला, त्यांच्या मागे हा इतिहास आहे.

दरम्यान २००८ मध्ये नॉर्थवेस्ट डेल्टात विलीन झाली आणि पिनॅकलचा यजमान बदलला. नॉर्थवेस्टबरोबर मेसाबा आणि कंपास या दोन प्रादेशिक कंपन्याही डेल्टाच्या पदरात आल्या होत्या. डेल्टाने जुलै २०१० मध्ये दोन्ही विकल्या. मेसाबा पिनॅकलने घेतली, ६ कोटी २० लाख डॉलरला. आणि पैसे कोठून आणले? खुद्द डेल्टाकडूनच! पिनॅकलने डेल्टाला वचनचिठ्ठी लिहून दिली आणि हप्त्याने फेडण्याचे कबूल केले. विकणारा डेल्टा, कर्ज देणारा डेल्टा, आणि विकत घेतलेल्या कंपनीला काम देणाराही डेल्टा.

आता पिनॅकलच्या छपराखाली तीन कंपन्यांचा संसार आला. तीन तऱ्हांची विमाने, तीन ठिकाणचे वैमानिक, ज्येष्ठतेच्या तीन याद्या. सर्व वैमानिकांशी मिळून २०११ मध्ये नवा करार झाला आणि पगाराचा खर्च वाढला. विलीनीकरणातून जी बचत व्हायची होती ती वेळेवर झाली नाही. पन्नास आसनी विमानांना मात्र इंधन महागल्यापासून कोणी विचारीना. इंधनाचा खर्च जितका, त्या मानाने प्रवासी थोडे; मोठ्या कंपन्यांना ती नकोशी झाली होती. अखेर १ एप्रिल २०१२ रोजी पिनॅकलने न्यूयॉर्कच्या दिवाळखोरी न्यायालयात अर्ज केला.

सात कोटींचा हात

त्याच दिवाळ्यात डेल्टा पुढे आली. सुमारे ७ कोटी ४३ लाख डॉलरचे डी.आय.पी. कर्ज द्यायला ती तयार झाली. वरवर पाहता ही उदारताच. परंतु या रकमेची फोड पाहण्याजोगी आहे. त्यातील सुमारे ४ कोटी ४३ लाख डॉलर डेल्टाचीच जुनी वचनचिठ्ठी फेडण्यासाठी होते. नवी रोकड म्हणून पिनॅकलच्या हाती पडायचे ते सुमारे ३ कोटी डॉलर.

वाचकांना वाटेल, स्वतःचेच कर्ज स्वतःच फेडून घेण्यात डेल्टाला काय लाभ? लाभ असा की, जुने देणे हे दिवाळ्यापूर्वीचे होते. त्याच्यावर वाटाघाट होऊ शकत होती आणि तारणाच्या किमतीवरून वाद निघू शकत होता. नवे कर्ज मात्र न्यायालयाच्या आदेशाने अग्रहक्काचे झाले. जुनी उधारी नव्या खात्यात घातली आणि खाते वहीच्या पहिल्या पानावर आणून ठेवले. दिवाळखोरीच्या व्यवहारात ही पद्धत परिचित आहे, तिच्यात बेकायदा काही नाही, आणि न्यायालयाने ती पाहूनच मंजुरी दिली. दुसरा कोणी सावकार अधिक चांगल्या अटींवर दाराशी उभा होता असेही नाही. पण दुसरा यावा तरी कसा? पिनॅकलची किंमत काय, तर डेल्टाचे काम. ते काम उद्या राहील की नाही हे फक्त डेल्टालाच ठाऊक. तेव्हा डेल्टाखेरीज इतर कोणालाही हे कर्ज म्हणजे अंधारातील उडी होती, आणि डेल्टाला ती आपल्याच अंगणात टाकलेली उडी होती.

अशा कर्जाबरोबर अटी येतात. रोकड कशी खर्चावी याचे अंदाजपत्रक सावकाराला दाखवायचे, अमुक तारखेपर्यंत अमुक टप्पा गाठायचा. न्यायालयात गादीवर जुने व्यवस्थापक दिसतात. पण दौतीत शाई सावकाराची असते.

घडलेही तसेच. पिनॅकलने युनायटेड आणि युएस एअरवेज यांच्यासाठी चालविलेली उड्डाणे तोट्याची म्हणून बंद करायला घेतली. कोलगनचे काम २०१२ मध्येच संपले. एका यजमानावर विसंबू नये म्हणून ज्या फांद्या फुटल्या होत्या त्या दिवाळ्यात छाटल्या गेल्या, आणि खोड तेवढे डेल्टाच्या दावणीला राहिले.

याच सुमारास डेल्टाने आपल्या वैमानिकांशी नवा करार केला. त्यात पन्नास आसनी विमाने मोठ्या प्रमाणावर कमी करायची आणि त्या बदल्यात ७६ आसनी विमाने वाढवायची असे ठरले. ज्या करारावर पिनॅकलची सही नव्हती त्या करारातील ही ओळ! तिने पिनॅकलच्या निम्म्याहून अधिक ताफ्याचा निकाल लावला. जगायचे तर ७६ आसनी विमानांचे काम मिळविणे भाग, आणि ते काम देणारा एकच.

घासाघीस कोणाच्या ताटातली?

डेल्टाचे म्हणणे सरळ होते. काम देऊ, पण इतर प्रादेशिक कंपन्यांइतक्या स्वस्तात करा. आणि स्वस्ताई यायची कोठून? वैमानिकांच्या पगारातून. करारबद्ध पगार कमी करायला संघटना मान्यता देईना, तेव्हा पिनॅकलने करार मोडण्याची परवानगी न्यायालयाकडे मागितली. नोव्हेंबर २०१२ मध्ये न्यायाधीश रॉबर्ट गर्बर यांनी ती नाकारली. कंपनीला सवलतींची गरज आहे हे त्यांना मान्य होते; पण मागितलेली कपात गरजेपेक्षा जास्त आहे असे त्यांनी ठरविले. सावकाराच्या अटींपुढे न्यायालय केवळ शिक्का मारीत बसते असे कोणी समजू नये, म्हणून आम्ही हे मुद्दाम नोंदवीत आहोत.

तरीही पुन्हा वाटाघाटी झाल्या आणि जानेवारी २०१३ मध्ये वैमानिकांनी कपातीचा सुधारलेला करार मतदानाने स्वीकारला. बदल्यात त्यांना दोन गोष्टी मिळाल्या. डेल्टाने मागविलेली नवी ४० विमाने पिनॅकलकडे यायची, म्हणजे ७६ आसनी विमानांचा ताफा ८१ वर जायचा. आणि पिनॅकलच्या वैमानिकांना डेल्टाच्या भरतीत जाण्याची वाट मोकळी व्हायची. आज कमी घ्या, उद्या मोठ्या विमानात बसा, असा तो सौदा होता. तरुण वैमानिकाला तो मानवला असेल. निवृत्तीला आलेल्याच्या दृष्टीने त्यात उद्या नव्हताच.

१ मे २०१३ रोजी पिनॅकल दिवाळ्यातून बाहेर आली ती डेल्टाच्या संपूर्ण मालकीची होऊन. डेल्टाचे दिवाळ्यातील कर्ज हेच मालकीचे दार ठरले. भागधारकांना काही मिळाले नाही. विनातारण धनकोंना त्यांच्या येण्यातला फार लहान अंश मिळाला. कंपनीचे मुख्य कार्यालय मेम्फिसहून मिनीॲपोलिसला गेले. मेम्फिसने एक मानाची कंपनी गमावली. त्याच वर्षी डेल्टाने मेम्फिसचे केंद्रही बंद केले. ऑगस्ट २०१३ पासून पिनॅकल हे नावही राहिले नाही. एंडेव्हर एअर या नावाने ती कंपनी आजही डेल्टासाठी उडते आहे.

म्हणजे पाहा, मेसाबा डेल्टाने विकली, पिनॅकलने उधारीवर घेतली, आणि तीन वर्षांच्या आत मेसाबा, तिला गिळणारी पिनॅकल आणि दोघींची विमाने पुन्हा डेल्टाच्याच घरी आली.

दुसऱ्या बाजूचे म्हणणे

इतके वाचल्यावर डेल्टाला खलनायक ठरविण्याचा मोह होईल. आम्हाला तो न्याय वाटत नाही. डेल्टाने हात दिला नसता तर पिनॅकल बहुधा बंदच पडली असती. तसे झालेल्या कंपन्यांची यादी लहान नाही.

व्हर्जिनियातील अटलांटिक कोस्ट एअरलाइन्सचे उदाहरण घ्या. युनायटेडसाठी उडणाऱ्या या कंपनीने युनायटेडच्या नव्या अटी न मानता स्वतंत्र होण्याचे ठरविले. जून २००४ मध्ये इंडिपेंडन्स एअर या नावाने ती वॉशिंग्टनच्या डलस विमानतळावरून स्वतःची तिकिटे विकू लागली. भाडी स्वस्त, प्रवासी खूश. पण पन्नास आसनी विमाने स्वस्त भाड्यांवर पोसता येईनात. नोव्हेंबर २००५ मध्ये दिवाळे आणि ५ जानेवारी २००६ रोजी शेवटचे उड्डाण. मेसाबाबरोबर त्याच वेळी विकली गेलेली कंपास एअरलाइन्स पाहा. तिचे करार संपत आले आणि २०२० च्या एप्रिलमध्ये, कोरोनाच्या साथीत, तिला टाळे लागले. कर्ज देऊन हात धरायला कोणी उरले नव्हते.

उलट इंडियानापोलिसच्या रिपब्लिक एअरवेजची स्थिती पाहा. नव्या नियमांनंतर वैमानिक मिळेनात, उड्डाणे रद्द होऊ लागली, आणि करार पाळला नाही म्हणून डेल्टाने तिच्यावर दावा लावला. फेब्रुवारी २०१६ मध्ये रिपब्लिक दिवाळ्यात गेली. आणि साडेसात कोटी डॉलरचे डी.आय.पी. कर्ज देऊ केले कोणी? दावा लावणाऱ्या डेल्टानेच! पण रिपब्लिकपाशी युनायटेड आणि अमेरिकन हे आणखी दोन मोठे यजमान होते. तिघांनाही तिची विमाने हवी होती आणि तिघांपैकी एकाच्याच घशात ती जावी हे बाकीच्या दोघांना परवडणारे नव्हते. २०१७ मध्ये रिपब्लिक बाहेर आली तेव्हा तिच्यात तिघांचाही हिस्सा होता. एकटा मालक कोणी झाला नाही.

सावकार दोन्हीकडे तोच, मग शेवट वेगळा का? आमच्या मते त्याचे उत्तर कर्जाच्या अटींपेक्षा दिवाळ्यापूर्वीच्या गिऱ्हाइकांच्या संख्येत आहे. तीन गिऱ्हाइके असलेल्याला दिवाळ्यातही थोडी पत राहते. एकच असलेल्याची पत म्हणजे त्या एका गिऱ्हाइकाची मर्जी.

मुंबईत काय झाले

हा विषय निघाला की जेट एअरवेजची आठवण येणे साहजिक आहे. जेट काही प्रादेशिक कंपनी नव्हती आणि तिच्या डोक्यावर असा यजमानही नव्हता. पण दिवाळ्यातील कर्जाचे मोल कळायला मुंबईच्या या कंपनीइतके बोलके उदाहरण नाही. एप्रिल २०१९ मध्ये तिने बँकांकडे तातडीचा पैसा मागितला. तो मिळाला नाही आणि १७ एप्रिलला शेवटचे विमान उतरले. दिवाळखोरीचा अर्ज राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या मुंबई पीठाने दाखल करून घेतला तो २० जूनला. तोवर विमाने परत गेलेली, उड्डाणाच्या वेळा इतरांना दिलेल्या, वैमानिक पांगलेले. पुढे साडेपाच वर्षे पुनरुज्जीवनाची खटपट चालली, आणि ७ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कंपनी मोडीत काढण्याचा आदेश दिला.

भारताच्या २०१६ च्या कायद्यातही अंतरिम कर्जाची तरतूद आहे आणि अशा कर्जाला अग्रक्रमही आहे. परंतु तेथे दिवाळ्यात जाणारी विमान कंपनी बहुधा आधी थांबते आणि मग न्यायालयात जाते. मुंबईचीच गो फर्स्ट २०२३ च्या मे महिन्यात आपण होऊन न्यायाधिकरणापुढे गेली, तेव्हा तिची उड्डाणेही त्याच सुमारास थांबली होती. बँकांनी अंतरिम निधीला संमती दिली. तरी विमाने पुन्हा उडाली नाहीत आणि जानेवारी २०२५ मध्ये तीही मोडीत निघाली. अमेरिकेत अर्ज दाखल होतो त्याच दिवशी कर्जाची व्यवस्था हातात असते आणि विमाने दुसऱ्या सकाळी नेहमीप्रमाणे उडतात. उडत्या कंपनीला सावकार मिळतो. उतरलेल्या कंपनीला लिलाववाला मिळतो.

आपल्याला याचे काय?

प्रवासी म्हणून आपल्याला दोन गोष्टी लक्षात ठेवण्याजोग्या आहेत. बारीक अक्षरांतील कंपनी दिवाळ्यात गेली तरी घाबरण्याचे कारण नाही. तिकीट मोठ्या कंपनीने विकलेले असते, पैसे तिच्यापाशी असतात आणि तुम्हाला मुक्कामी पोहोचविण्याची जबाबदारीही तिचीच असते. पण तिच्या पुढच्या वर्षीच्या वेळापत्रकाकडे मात्र लक्ष ठेवावे. पन्नास आसनी विमाने निघाली की सर्वांत लहान गावांची उड्डाणे प्रथम घटतात. ज्या गावी आईवडिलांना थेट उतरता येत होते, तेथे पुढच्या वेळी दोन तास मोटार हाकीत जावे लागते.

दुसरी गोष्ट ज्यांचा स्वतःचा धंदा आहे त्यांच्यासाठी. आपल्या समाजात अनेकांनी या देशात येऊन लहान उद्योग उभे केले. कोणी एका मोठ्या कंपनीला संगणकाची माणसे पुरवितो, कोणी एकाच कारखान्यासाठी सुटे भाग करतो, कोणी एका मोठ्या दुकानसाखळीला मसाले आणि लोणची देतो. मोठे गिऱ्हाईक मिळाले की आपण पेढे वाटतो, आणि ते योग्यच आहे. पण त्या गिऱ्हाइकाने कधी अडचणीत उसने दिले, यंत्रासाठी आगाऊ रक्कम दिली, जागा वापरायला दिली, तर आभार मानण्यापूर्वी कागद वाचावा. मदतीच्या भावनेने दिलेला पैसा आणि ताबा मिळविण्याच्या हिशेबाने दिलेला पैसा दिसायला सारखाच असतो. बहुधा देणाऱ्याच्या मनातही दोन्ही एकत्रच असतात.

पिनॅकलच्या चालकांनी आळस केला नव्हता. धोका त्यांनी ओळखला होता, नवी गिऱ्हाइके जोडण्याचा प्रयत्नही केला होता. त्यांची अडचण अशी झाली की, तो प्रयत्न करताना पुन्हा त्याच यजमानाच्या उधारीवर कंपनी विकत घेतली. ज्याच्यापासून थोडे दूर व्हायचे, त्याच्याच खांद्यावर हात ठेवून पाऊल टाकले.

ती कंपनी बुडाली असे म्हणता येत नाही, कारण विमाने उडत आहेत. हजारो माणसांच्या नोकऱ्या टिकल्या, लहान गावांची सेवा बऱ्याच अंशी टिकली. पण मेम्फिसमध्ये जिचे कार्यालय होते, जिचे शेअर लोकांच्या पेटीत होते आणि जी स्वतःची कंपनी म्हणून न्यायालयाच्या पायऱ्या चढली, ती कंपनी त्या पायऱ्या उतरली नाही. पुढच्या खेपेला छोट्या विमानात बसाल तेव्हा तिकिटाच्या कोपऱ्यातील ती बारीक ओळ जरूर वाचा. आपण कोणाच्या भरवशावर चाललो आहोत, हे प्रवाशालाही ठाऊक असलेले बरे.